घासलेले प्लग

मल्लाप्पांच्या फियाटमधले चारही प्लग नऊ वर्षांपूर्वीचे होते, आणि ही गोष्ट ते आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते प्लग काढायचे, वाटीतल्या पेट्रोलमध्ये बुडवायचे, जुन्या ब्रशाने काजळी घासायचे आणि टोकांवरून पॉलिश पेपर फिरवायचे.

"देवाची भांडीबी एवढी घासत न्हाई मी," त्यांची बायको अक्काताई म्हणत.

अलीकडे मात्र गाडी रोज सकाळी खोकत उठत होती. मुलाचा, महांतेशचा, साखरपुडा गारगोटीला ठरला तेव्हा त्याने विषय काढलाच.

"आप्पा, नवं प्लग तरी घाला, न्हाईतर गाडी तरी काढा. पावण्यांच्या दारात काय ढकलत न्यायची?"

"माझ्या घासलेल्या प्लगवर जाईल गाडी. वाटंत बंद पडली, तर सोमवारी इकून टाकतो. आण तू तुझी मारुती."

"आणि न्हाई पडली तर?"

"तर मी हाय तवर ह्या गाडीचं नाव काढायचं न्हाई."

हा शब्द दिला तो मंगळवारी. गुरुवारी भाजी मंडईसमोर गाडी अशी बसली की चार हमालांनी ढकलून ती रस्त्याच्या कडेला लावली. शुक्रवारी दुपारी घरी कोणी नव्हतं. मल्लाप्पा आपल्याला कोणी ओळखत नाही असं दुकान शोधत शाहूपुरीत गेले आणि चार नवे प्लग घेऊन आले. ते बसवून त्यांनी रंकाळ्यापर्यंत एक फेरी मारली. गाडी तरुणपणी चालायची तशी चालली.

प्रश्न रिकाम्या खोक्यांचा होता. केरात टाकली तर अक्काताईंच्या नजरेतून सुटणार नव्हती. मल्लाप्पांनी आपले जुने, चकचकीत घासलेले प्लग त्या खोक्यांत घातले आणि खोकी कपाटात शालींच्या मागे सरकवली.

रविवारी सकाळी तिघं निघाले. मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडच्या चढाला गाडीने तीन गचके दिले आणि ती थांबली.

मल्लाप्पांचा विश्वासच बसेना. त्यांनी उतरून बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्लगवरची वायर सुटून लोंबत होती.

"हितं हात कुणी लावला?"

महांतेश मान खाजवत पुढे आला. "आप्पा, रागावू नका. काल शेला हुडकताना तुमी आणल्यालं नवं प्लग घावलं. म्हटलं, आणल्यात पर हट्टानं घालत न्हाईत. म्हणून मीच घातलं. तुमचं घासल्यालं काढून त्याच खोक्यात ठिवलं."

मल्लाप्पांनी मनात हिशेब केला. म्हणजे गाडीत होते ते जुने, आणि खोक्यात होते ते नवे. हे जगात फक्त त्यांना एकट्याला कळलं होतं.

"बघितलंस?" ते एकदम कडाडले. "नवं घातलंस आणि बंद पडली! शब्द माझ्या प्लगचा हुता. कुठं हाईत माझं प्लग?"

"घरात."

"हितं हाईत की," अक्काताई गाडीतून म्हणाल्या. "लांबचा रस्ता, म्हटलं घरात प्लग पडल्यात तर असू द्यावं. वटीच्या पिशवीत घातल्यात."

मल्लाप्पांनी पुन्हा अदलाबदल केली, काढलेले प्लग खोक्यांत घालून पिशवीत ठेवले, वायर घट्ट दाबली, आणि गाडी गारगोटीपर्यंत कुठेही अडली नाही. मल्लाप्पा शीळ घालत होते.

गारगोटीत मुलीची ओटी भरायला अक्काताईंनी पिशवी उपडी केली. नारळ, खण आणि सुपाऱ्यांबरोबर चार खोकी ताटात पडली.

"आयला, पावणं!" मुलीचे वडील बसगोंडा मोठ्याने हसले. "पोरीच्या वटीत प्लग?"

"नवं हाईत," महांतेश म्हणाला. "आमच्या आप्पास्नी नवं चालत न्हाईत. घ्या तुमास्नी."

"मग दे की! माझी फियाट प्लगपायी म्हैना झाला गोठ्यात हाय. म्हशी आत, गाडी आत, कोण कुणाची जागा खातंय कळंना."

बसगोंडांच्या ड्रायव्हरने प्लग बसवले. पहिल्याच चावीला गाडी अशी गरजली की म्हशींनी दावी ताणली. अख्खा मांडव बघायला धावला.

"बघितलं न्हवं?" बसगोंडांनी मल्लाप्पांच्या पाठीवर थाप मारली. "तुमी बसा घासत. नव्या प्लगची बात काय येगळीच!"

मल्लाप्पांचं तोंड उघडलं. ते प्लग त्यांचे होते. नऊ वर्षांचे, शंभर वेळा घासलेले. सगळ्या गावासमोर त्यांच्या हाताचं काम गरजत होतं. पण खरं बोललं तर चढाला गाडी ह्याच प्लगवर बंद पडली हे उघड झालं असतं, आणि सोमवारी ती गेली असती. उघडलेल्या तोंडात त्यांनी एक अख्खा पेढा घातला.

"आप्पा, आता तरी पटलं?" महांतेशने विचारलं.

मल्लाप्पांनी मान डोलावली.

"पाच वर्सं हात लावाय नको आता," बसगोंडा म्हणाले.

"असं कसं?" पेढा गिळता गिळता मल्लाप्पांच्या तोंडून निघून गेलं. "म्हैन्याला घासाय लागतील. त्यातल्या दोन नंबरला काजळी लौकर धरती."

महांतेशने फियाटच्या उघड्या बॉनेटकडे पाहिलं.

"नव्या प्लगला?" महांतेशने विचारलं.

मल्लाप्पांनी दुसरा पेढा उचलला.