एकास चोवीसचा खांब

जेवणाच्या टेबलावर दोन गाड्या सुट्या होऊन पडल्या होत्या, त्यामुळे घरातली दोन्ही माणसं आठवडाभर ओट्याशी उभी राहून जेवत होती.

एक गाडी लाल डब्यातली, एक निळ्या डब्यातली. दोन्ही एकाच जुन्या, चौकोनी, चार दारांच्या गाडीच्या प्रतिकृती. प्लॅस्टिकचे भाग चौकटीतून तोडायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. डब्यांवर छापलं होतं, 'दहा वर्षांवरील मुलांसाठी'. टेबलाशी बसलेला गृहस्थ तिशी ओलांडलेला होता आणि घामाघूम झाला होता.

तो वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. कुणाचा तराजू खरा, कुणाची मोजपट्टी खोटी, हे सांगणं त्याचं काम. तिथे त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

"ठरलं का कुठली ते?" बायकोने ओट्यावरून विचारलं.

"लालचं छप्पर बरोबर आहे. मागचा उतार बघ. निळ्याचं छप्पर इस्त्री फिरवल्यासारखं सपाट आहे."

"मग लाल घे."

"लालची पुढची जाळी नंतरच्या वर्षीची आहे. बाबांच्या गाडीला आडव्या पट्ट्या होत्या, ह्याला उभ्या आहेत. चाकंही चुकीची. जाळी, चाकं आणि सीटं निळ्याची बरोबर आहेत."

"मग लालचं छप्पर, निळ्याची चाकं. हात धू आणि जेव."

"लाल खऱ्या गाडीच्या एकास चोवीस मापाची आहे. निळी एकास पंचवीस."

"म्हणजे एकाचाच फरक ना?"

मिलिमीटरने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने तराजूच्या पारड्याखाली चुंबक लावला होता. "चार टक्के," तो म्हणाला. "तुझ्या उंचीतून चार टक्के काढले तर अडीच इंच जातील."

"तुझ्या आत्याने लग्नात ते न मोजताच काढले होते."

एवढी खटपट सासऱ्यांसाठी चालली होती. सासरे म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलेलं. डोळ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी शाळा बंद केली आणि सायीच्या रंगाची ती जुनी गाडी कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला विकली. येत्या रविवारी त्यांच्या घरी जुने विद्यार्थी निरोपाच्या चहाला यायचे होते, आणि त्या दिवशी मास्तरांच्या हातात त्यांची गाडी ठेवायची असं मिलिमीटरच्या मनात होतं.

त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. मास्तर त्याला 'खांब' म्हणत. लग्न ठरलं होतं तेव्हा भावी जावयाला गाडी शिकवायची हौस त्यांना आली. जावयाने शेडमधून गाडी काढली, मास्तर उजव्या बाजूला उभे राहून "या, या, येऊ द्या" असा हात करत होते, आणि फाटकाच्या डाव्या अंगाला जो ठेंगणा दगडी खांब होता तिथे 'टक' असा आवाज झाला. मास्तर वळसा घालून आले. पुढच्या डाव्या मडगार्डला वाटीएवढा पोचा होता.

एवढ्याशा आवाजात एवढा मोठा पोचा कसा, हा प्रश्न विज्ञानाच्या पदवीधराला तेव्हाच पडायला हवा होता. पण लग्न ठरलेल्या माणसाची चौकस बुद्धी तात्पुरती बंद असते. त्याने माफी मागितली. मास्तरांनी पोचा कधीच काढून घेतला नाही. नव्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच दिवशी तो दाखवत, "हा आमच्या जावयांचा." त्या दिवसानंतर मिलिमीटरने स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी बायको चालवायची.

तर ही प्रतिकृती इतकी तंतोतंत व्हायला हवी होती, की मास्तरांनी निदान एकदा 'खांब' न म्हणता नावाने हाक मारावी.

पहिली अडचण चाकांची. निळ्याची चाकं लालच्या आसाला बसेनात, कारण लालचा आस जाड. त्याने भोक मोठं करायला घेतलं आणि एक चाक तडकलं. खेळण्यांच्या दुकानात गेला, तर दुकानदार म्हणाला, "सुटं चाक मिळत नाही साहेब. अख्खा डबा घ्यावा लागेल."

"ह्या नव्या डब्यातली चाकं जुन्या तिन्हींशी जुळतील ना?"

"चाकं गोल आहेत साहेब. ह्याच्यापेक्षा जास्त मी काय सांगू."

तिसरा डबा घरी आला. मग बंपर आखूड पडला, म्हणून तो मधोमध कापून जोड दिला. जोड दिसू लागला, म्हणून पुट्टी भरून घासला. घासताना दिवा निखळून टेबलाखाली गेला आणि संध्याकाळी तो झाडूने शोधला. मास्तरांच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. तो कुठल्याच डब्यात नव्हता, तेव्हा मिलिमीटरने टाचणीचं डोकं चपटं करून तो बनवला आणि दिवसभर खूश राहिला.

"आणि पोचा?" बायकोने विचारलं.

"पोचा हा गाडीचा भाग नाही. ती नंतर घडलेली घटना आहे."

"वा. बाकी सगळं तंतोतंत, आणि आपली चूक तेवढी गाळायची."

तो काही बोलणार एवढ्यात मास्तरांचा फोन आला. बातमी दुकानदाराकडून पोचली होती, कारण तोही त्यांचाच विद्यार्थी.

"काय खांब, माझी गाडी करताय म्हणे?"

"हो बाबा."

"मग शेजारी खांबही करा. त्याशिवाय लोकांना कळायचं कसं, ती माझी गाडी आहे ते?"

झालं. खांब करायचा म्हणजे पोचाही आला. मिलिमीटरने सासरी जाऊन खांब मोजला, त्याला भागिले चोवीस केलं आणि खडूचा खांब कोरला. पोच्याची जागा त्याने जुन्या फोटोवरून घेतली, बाजूच्या छोट्या दिव्याच्या जरा खाली. चमच्याचा दांडा गरम करून हलकेच दाबला. मग गाडी आणि खांब एका फळीवर ठेवून त्याने गाडी बोटाने पुढे सरकवली.

बंपरचं टोक खांबाला टेकलं. पोचा खांबाच्या माथ्यापेक्षा बराच वर राहिला. व्हर्निअरची मोजपट्टी लावून पाहिलं, आठ मिलिमीटर.

"भाग मिसळले म्हणून झालं असेल," बायको म्हणाली. तिचा आवाज का कोण जाणे, जरा घाईचा होता.

"मडगार्ड चोवीसच्या मापाचं नसून पंचवीसच्या मापाचं असतं, तरी फरक एक मिलिमीटरचा पडला असता. आणि पोचा खाली आला असता, वर नाही. हे आठ आहेत."

"मग फोटो चुकीचा असेल. जेव आता."

फोटो चुकीचा असेल तर गाडी मोजायला हवी. दुसऱ्या दिवशी तो लाँड्रीवाल्याच्या दारात पालथा पडून टेप लावत होता. लाँड्रीवाला इस्त्री सोडून बाहेर आला.

"काही पडलं का तुमचं?"

"नाही. पोचा मोजतोय."

"तुमचाच ना तो? मास्तरांनी गाडी देताना सांगितलं होतं." तो थोडा वेळ बघत राहिला. "विकत घेताना मीसुद्धा एवढी पाहिली नव्हती. परत घ्यायचा विचार आहे का?"

फोटो बरोबर होता. खांब गुडघ्याएवढा, पोचा पार मांडीपर्यंत. शिवाय पोच्याच्या घडीत, नख घालावं तेव्हा दिसेल असा, रंगाचा एक कण अडकलेला होता. हिरवा. खांब तर पांढऱ्या दगडाचा, त्याला आजवर रंगाचं बोट लागलेलं नव्हतं.

मिलिमीटर उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या शर्टाला धूळ होती आणि चेहऱ्यावर, कित्येक वर्षं खोटं वजन दाखवणारा काटा पकडावा तसा आनंद होता. पोचा आणि खांब हे एकाच डब्यातले भाग नव्हते.

तो थेट सासरी गेला. मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नवा चष्मा आणायला गेले होते. परसदारी, शेडसमोर पाण्याचं पिंप ठेवायची लोखंडी घोडी होती, हिरवी. त्याने तिच्या कोपऱ्याला टेप लावला. उंची पोच्याशी जुळली. कोपरा जरासा आत वळलेला होता आणि तिथला रंग उडाला होता.

मागे बादली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाई वाळत घालायचे कपडे घेऊन उभ्या होत्या.

"किती भरलं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर भरलं, आई."

सासूबाईंनी एक टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, टोकं जुळवली. "अख्ख्या गावाला शिकवली ह्यांनी," त्या टॉवेलकडे बघत म्हणाल्या. "मी म्हटलं, मलाही शिकवा. तर म्हणाले, तुझा स्वभाव घाईचा, तुला जमायचं नाही. मग एकदा हे बाहेर गेले होते तेव्हा म्हटलं, बघू तरी."

"आणि?"

"जमली की. फक्त थांबायचं तेवढं राहिलं." त्यांनी दुसरा टॉवेल घेतला. "गाडी पुन्हा शेडमध्ये, पोच्याची बाजू भिंतीला लावून ठेवली. म्हटलं, आज सांगते, उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही ती खांबाला टेकवलीत."

"तुम्ही त्याच दिवशी सांगायचं."

"सांगणारच होते. पण ह्यांनी तुम्हाला किती मायेने माफ केलं. मला केलं नसतं. मला आयुष्यभर 'बघ, म्हटलं नव्हतं' ऐकावं लागलं असतं." त्यांनी बादली उचलली. "चहा टाकू का?"

रविवारी बैठकीत माणसं दाटीवाटीने बसली होती. दुकानदार होता, लाँड्रीवालाही होता. मिलिमीटरने फळीवरची गाडी चहाच्या टेबलावर ठेवली. खांब शेजारी होता, पोचाही मडगार्डवर होता तिथेच होता. खरं माप बदलायला त्याचा हात धजला नव्हता.

मास्तरांनी नवा चष्मा चढवला आणि खाली वाकून डोळे गाडीच्या पातळीला आणले. जाळी पाहिली. छप्पर पाहिलं. मग खिडकीतून आत पाहिलं.

"माझा ब्रेक," ते म्हणाले. "माझा ब्रेकसुद्धा केलात तुम्ही." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "आता बघा मंडळी, आमच्या जावयांनी कशी घातली ते."

त्यांनी गाडी बोटाने मागे घेतली आणि पुढे ढकलली. टक. बंपर खांबाला टेकला. त्यांनी परत मागे घेतली, परत पुढे. मग डोकं तिरपं केलं.

"पोचा वर आहे."

"खेळणंच आहे हो ते," सासूबाई कपांचा ट्रे धरून म्हणाल्या. "थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"ह्यांच्या हातून? अगं, हे रस्त्यावर पालथे पडून मोजून आलेत. विचार ह्यांना." त्यांनी लाँड्रीवाल्याकडे बोट केलं. लाँड्रीवाल्याने मान डोलावली. "म्हणजे माप बरोबर. खांबही दिसतोय तो तेवढाच." मास्तरांचा आवाज हळू झाला. "मग एवढ्या उंचावर लागायला काय लागलं असेल?"

सासूबाई ट्रे घेऊन खिडकीकडे सरकल्या.

मिलिमीटरला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पुरावा पक्का होता, रंगाचा कणही जागेवर होता, आणि बैठकीत भरपूर साक्षीदार होते. त्या एका वाक्यात 'खांब' कायमचा मिटला असता. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, खिडकीतून परसदारी वाळणाऱ्या टॉवेलांकडे बघत होत्या.

"माझं चुकलं, बाबा," तो म्हणाला.

मास्तरांना नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"चुकलं. दोन डब्यांचे भाग मिसळले ना. एक एकास चोवीस, एक एकास पंचवीस. त्या गडबडीत पोचा आठ मिलिमीटर वर गेला."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने खोटं माप दिलं होतं आणि त्याचे कान तापले होते. कोपऱ्यात बसलेल्या बायकोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

मास्तर मात्र फुलले. त्यांनी उठून जावयाची पाठ थोपटली. "म्हणजे तुमचंही चुकतं तर. बरं वाटलं. मला वाटायचं, ह्या माणसापाशी बसून बोलायचं काय?" मग ते मंडळींकडे वळले. "आठ मिलिमीटर, बरं का. प्रयोगशाळेतले साहेब."

निघेपर्यंत मास्तर त्याला 'आठ मिलिमीटर' म्हणू लागले होते. खांब सुटला होता, हिशेबाने पाहिलं तर बढतीच होती. सासूबाईंनी त्याला न विचारता दुसरा चहा दिला आणि बशीत बिस्किटं सगळ्यांपेक्षा जास्त ठेवली.

घरी परतताना बायको गाडी चालवत होती. फाटकातून बाहेर पडताना ती खांबापासून सराईतपणे गाडी वळवून गेली.

"एकास चोवीस आणि पंचवीसमध्ये एक मिलिमीटरचा फरक पडतो," ती म्हणाली. "आणि तो खाली पडतो, वर नाही."

"तू लक्ष देऊन ऐकत होतीस?"

"नाइलाज होता. टेबल एकच आहे." तिने गिअर बदलला. "आईला वाचवलंस ते चांगलं केलंस."

मिलिमीटर तिच्याकडे वळला. "तुला कसं माहीत?"

"आईला पहिल्यांदाच एकटीला गाडी काढू देईन का मी? शिकवणाऱ्याच्या जागी, तुझ्या त्या टाचणीच्या ब्रेकवर पाय ठेवून कोण बसलं होतं असं तुला वाटतं?"

त्याने सगळा हिशेब मनातल्या मनात पुन्हा मांडला. लग्न, पोचा, इतकी वर्षं ऐकलेला खांब, आणि ह्या सगळ्यात त्याच्या शेजारी निवांत हसत बसलेली ही बाई.

"मग ब्रेक दाबला नाहीस?"

"दाबला ना. जरा उशिरा."

"किती उशिरा?"

"तेवढं मोजायचं राहिलं," बायको म्हणाली आणि तिने इंडिकेटर दिला.