टेबलाची वास्तुशांत

आजवर मी पुष्कळ वास्तुशांतींची जेवणं जेवलो, पण टेबलाच्या वास्तुशांतीला जेवलो तो एकदाच. यजमान होते सिरसाळ्याच्या आमच्या पतसंस्थेतले सीनियर क्लार्क नागनाथअप्पा. संस्थेत कंप्युटर आले, त्यांच्याबरोबर सनमायकाची चकचकीत टेबलं आली, आणि अप्पांनी थेट पूजेसाठी जंगमस्वामींना बोलावणं धाडलं. टेबलाच्या चारी पायांना बेल वाहिला, शंख वाजला, पासबुक भरायला आलेली माणसंसुद्धा गव्हाची गोड हुग्गी खाऊन गेली.

"नव्या घरात असंच काहून घुसायचं?" अप्पा म्हणाले.

आपलं तोंड पूर्वेला हवं म्हणून त्यांनी टेबल फिरवलं. मग कंप्युटरची वायर बोर्डापर्यंत पुरेना. "राहू द्या. पाव्हणा हाय, बसू द्या गप," असं म्हणत त्यांनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि ते हातानंच लिहू लागले.

हळूहळू संसार वाढला. डालड्याच्या डब्यात तुळस आली. आरसा, कंगवा, अडकित्ता आला. टेबलापुढं पायपुसणं पडलं आणि पाय पुसल्याशिवाय अप्पा कुणाच्या पासबुकाला हात लावीनात. आलेल्याला आधी गूळ-शेंगदाणे, वर तांब्याभर पाणी आणि "बसा की, आपलंच हाय!" एका म्हातारीचं खातं भलत्याच बँकेत होतं, तरी दर बाजाराच्या दिवशी ती इथं टेकायला यायची.

माझ्या टेबलावर एक पेन तेवढा असे. "काय बे सुधाकर," अप्पा म्हणायचे, "टेबल हाय का यष्टी स्टँडचं बाकडं?"

अशात नवे मॅनेजर आले. माणूस भला, पण शिस्तीचा. त्यांनी फर्मान काढलं की टेबलावर कंप्युटर आणि पेनस्टँड, बाकी काही दिसता कामा नये. सोमवारपर्यंत सगळं घरी न्यायचं.

अप्पा भांडतील म्हणून आम्ही कान टवकारून बसलो होतो. पण शनिवारी त्यांनी मुकाट्यानं पोतं भरलं आणि मी ते माझ्या लुनावर घालून त्यांच्या घरी पोचवलं.

अप्पांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो होतो. दोन खोल्या. एक खाट, एक माठ, दोरीवर दोन धोतरं. भिंतीला साधं कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

"अप्पा, हे कुठं मांडू?"

अप्पा चारी भिंतींकडं बघत राहिले. "इथं मांडून कोण बघनार बे? पोरं पुन्याला. तुझी काकू गेल्यापासून हितं बोलायला मानूस न्हाई. तिथं टेबलावर कसं, दिसभर पाव्हनी येतेत."

मला फार वाईट वाटलं. आम्ही इतकी वर्षं ज्याला हसत होतो, ते त्या माणसाचं अख्खं घर होतं. मी पोतं तसंच उचललं आणि पुन्हा लुनावर घातलं.

सोमवारी साहेब यायच्या आत आम्ही टेबल होतं तसं मांडून टाकलं. साहेबांनी दारातूनच ते पाहिलं आणि आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी घरची हकीकत सांगितली. अप्पा छताच्या पंख्याकडं बघत उभे होते, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

"ठेवा सगळं," साहेब म्हणाले. "फक्त कंप्युटरला वायर लावून घ्या."

एवढ्यावर अप्पांनी निघावं की नाही? पण बोट दिलं की हात धरणारा माणूस.

"सायेब, रईवारची किल्ली भेटंल का? न्हाई, तुळशीला पानी घालाया..."

"रविवारी किल्ली नाही मिळायची."

"बरं."

"रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं. मंडळींना सांगून ठेवतो. दर रविवारी."

डोळे पुसायला अप्पांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. रुमाल बाहेर टेबलाच्या खणात होता. मी माझा दिला.