फिलूमावशींचे संत

एका शनिवारी संध्याकाळी शेजारच्या सुशीलावहिनी विरजण मागायला आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि किंचाळल्या. ओट्यावर स्टीलच्या ताटलीत दोन डोळे ठेवलेले होते. बुबुळांसकट, लाल शिरांसकट. आणि ते वहिनींकडेच बघत होते.

वहिनी वडगाव रासाईच्या, शेतातला साप काठीने उचलून बांधापलीकडे टाकणाऱ्या. पण त्या दिवशी विरजण न घेताच गेल्या आणि पुढे बरेच दिवस आमच्या घरचं काही खाल्लं नाही.

आमची बारा वर्षांची मरीना शांतपणे म्हणाली, "संत लुसीचे आहेत. मुळा आणि मिरी. शिरांना आईचा भरतकामाचा दोरा. फ्रिजमध्ये ठेवा म्हणाल्यात मावशी, सुकले की मेलेल्या माणसाचे दिसतात."

या मावशी म्हणजे फिलूमावशी. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. "लिव्हा," म्हणाल्या, "पर मला गोड करू नका."

फिलोमिना हे पूर्ण नाव. मूळच्या शिरूरच्या, पण सारा जन्म गेला दौंडात. रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर होत्या, म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर चर्चमधल्या मुलींचा शनिवारचा गट त्यांच्याकडे आला. आधी कॉन्व्हेंटच्या एक सिस्टर तो घेत असत. त्यांच्या वेळी मुली कागदी बशीचे देवदूत करत, आईस्क्रीमच्या काड्यांचे क्रूस करत, आणि आम्ही पालक ते फ्रिजवर चिकटवून समाधानी असायचो.

पहिल्याच शनिवारी मावशींनी एक कागदी देवदूत उचलून उजेडात धरला. "ह्याच्या पंखाला हाड कुठं हाय? ह्यो पाव्हणा उडनार कसा?"

मग मुलींनी खाटकाकडून कोंबडीचा पंख आणला. तो पसरून, हाडं मोजून, त्याबरहुकूम खराट्याच्या काड्यांचे पंख केले. देवदूत सुरेख झाले, हे मला मान्य करायला हवं. फक्त तो खरा पंख रोझलीन नावाच्या मुलीने घरी नेऊन आजोबांच्या बायबलमध्ये ठेवला, ते व्हायला नको होतं.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. मुलींनी हरभरे भिजवून, सुईने ओवून माळा केल्या आणि चर्चमधल्या वृद्धांना वाटल्या. माळा पुरत्या वाळल्या नव्हत्या, त्यात हवा दमट. तिसऱ्या रहस्याला, म्हणजे माळ निम्मी झाल्यावर, माझ्यापुढच्या बाकावरच्या पेद्रूआप्पांनी माळ डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्याने विचारलं, "हिला मोड आलंत का रं?"

आले होते. चांगले बोटभर नसले तरी उसळ करण्याजोगे होते. मावशी मागच्या बाकावरून म्हणाल्या, "जित्ती माळ हाय, आप्पा. तुमच्या प्लास्टिकला येऊन दाखवू दे मोड."

मी प्रार्थनेत हसलो. तसा मी पापभिरू माणूस आहे. पुढच्याच शनिवारी मी फादरांपुढे त्या हसण्याचा कबुलीजबाब दिला. फादर म्हणाले, "पुढे?" मी म्हणालो, एवढंच. कबुलीच्या जागी मधल्या जाळीपलीकडे ते बराच वेळ खोकत राहिले. मला वाटतं, तेही हसत होते, पण तसं वाटणं हेही पापच, म्हणून तेसुद्धा मी नंतर सांगितलं.

नाताळच्या गोठ्यात मावशींनी खरं शेण ठेवलं. "गाय हाय, बैल हाय, आन् शेण न्हाई? मंग जनावरं काय उपाशी ठेवली व्हती का योसेफानं?" दर वेळी मला धक्का बसे, दर वेळी मी ठरवी की आता बोलायचं, आणि दर वेळी मावशी त्यांचं ते ठेवणीतलं वाक्य टाकत: "संत म्हंजी काय कॅलेंडरवरची बाई हाय का?"

नोव्हेंबरात सर्व संतांचा सण येतो. मुली संतांचे वेश करून मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, आधी रांगेने वेदीपर्यंत चालतात. पूर्वी सगळ्या पांढऱ्या झग्यात, डोक्यावर सोनेरी कागदाचं वलय, त्यामुळे कोण कुठली संत हे त्यांच्या आयांनाही सांगता येत नसे. पुढच्या वर्षी मावशींनी ठरवलं की प्रत्येकीने आपल्या संतानं जे सोसलं ते स्वतःच्या हातानं करून, हातात धरून चालायचं. लुसीचे डोळे उपटले होते, म्हणून मरीनाच्या ताटलीत डोळे. अपोलोनियाचे दात पाडले होते, म्हणून एकीने पक्कड घेतली आणि तिच्यात लसणाच्या पाकळ्या बसवल्या.

आणि रोझलीनला मिळाली संत आगाथा. तिच्या ताटलीत दोन गोल बनपाव होते.

तालमीला आलेल्या तिच्या आईनं कौतुकानं विचारलं, "हे गरिबांना वाटायचे का गं?"

"नाही," रोझलीन खणखणीत आवाजात म्हणाली. "सुभेदारानं आगाथाची छाती कापली. ही ती."

बाहेर यार्डात मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज हॉलमध्ये स्पष्ट ऐकू आला.

त्याच संध्याकाळी पालकांची बैठक बसली. "माझी मुलगी दहा वर्षांची आहे! घरी येऊन सासऱ्यांना सांगत होती, आजोबा, ही आगाथाची छाती!" रोझलीनची आई रडायच्या बेतात होती. कुणी म्हणालं, देवदूत काय वाईट होते? कुणी म्हणालं, बाईंना मूल ना बाळ, त्यांना काय कळणार. फादर बिचारे म्हणाले, "संत खरी आहे हो. पण पाव जरा जास्तच खरे झालेत." शेवटी ठरलं, गट बंद करायचा आणि मावशींना तसं सांगायचं. सांगणार कोण? मी चर्च समितीचा सेक्रेटरी. सगळे माझ्याकडे बघू लागले.

पुढच्या शनिवारी मी वाक्यं घोकत निघालो. मावशी, तुमच्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत. मावशी, आता तुम्ही विश्रांती घ्या. चर्चमागच्या हॉलचं दार आतून लावलेलं होतं. मी ठोठावलं.

"पप्पा, आत येऊ नका!" मरीनाचा आवाज.

"येऊ दे गं त्यास्नी," मावशी म्हणाल्या. "कवातरी कळायचंच."

टेबलाभोवती मुली बसल्या होत्या. मध्ये मोहरीची परात, मऊ पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. मरीनाच्या हातात एक गोलसर पिशवी होती, अर्धी भरलेली. पाव कमी पडले म्हणून आता हे?

"मावशी, ही आगाथासाठी...?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "ही मला."

मला कळलं नाही. आणि मग दिसलं. त्यांचा डावा खांदा उजव्याहून वर होता.

"उन्हाळ्यात पुण्याला ऑपरेशन झालं. डावीकडची काढली. एका बाजूचं वजन गेलं, की खांदा उचलतो, चालताना झोक जातो. दुकानातलं रबराचं घालून बघितलं, निस्ता घाम. तुम्ही कुणी काय इचारलं न्हाई. ह्या मरीनानं इचारलं, मावशी, वाकडं का चालता? पोरींशी मी खोटं बोलत न्हाई."

"मग आम्हीच म्हणालो, आपण शिवू," मरीना म्हणाली. "मोहरी बाळाच्या उशीत घालतात ना, तशी. अंगाचा आकार घेते."

"पण तुम्ही तर बहिणीकडे गेला होतात उन्हाळ्यात," मी म्हणालो. स्टेशनवर मीच त्यांची बॅग डेमू गाडीत चढवली होती. बहिणीला नमस्कार सांगा, असंही म्हणालो होतो.

"व्हय. दवाखान्यात बी तेच लिव्हून दिलं. जवळचं माणूस कोण? आगाथा. नातं? बहीण. फोन नंबर? म्हणलं, ती फोन वापरत न्हाई." मुली खुदखुदल्या. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकली असावी. "दुसरं कुणाचं नाव लिव्हणार? आन् पोरींना तिचं दुखणं सांगायला मी का लाजू? ती लाजली न्हाई."

मावशींनी मरीनाकडून पिशवी घेतली, तोंड मुठीत धरून वळवली आणि अंगाकडच्या बाजूला लाल दोऱ्याने भरलेला छोटा क्रूस तपासला. तो कुणाला दिसणार नव्हता, अंगाला लागणार होता. "ह्यो क्रूस हाय का रेल्वेचं फाटक? वाकडा किती! असू दे. देव वळखंल."

"पप्पा, वजन कमी पडतंय," मरीना म्हणाली. "तुमचा हात मोठा आहे. एक मूठ टाका."

मी मूठ भरली. पिशवीचं तोंड चुकलं आणि निम्मी मोहरी टेबलावरून जमिनीवर, हॉलभर पसरली. मुली ओरडल्या. मी गुडघ्यांवर बसून वेचायला लागलो. वर मरीना पिशवीचं तोंड शिवत होती. मग मावशी ती घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा सावकाश चालत आल्या, भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या.

"बघा गं नीट. डावीकडं खाली गेलंय का जरा?" त्या म्हणाल्या. "घरी आरशात कळत न्हाई. आन् सांगायला कोण न्हाई."

मुलींनी डोळे बारीक करून पाहिलं. रोझलीन खाली वाकून, एक डोळा मिटून, गवंडी भिंत बघतो तशी बघत होती.

"सरळ आहे, मावशी," ती म्हणाली. "एकदम सरळ."

मावशींनी पदर सारखा केला. पुन्हा एकदा केला. खरं तर तो पहिल्याच वेळी सारखा झाला होता.

इतक्यात दारात फादर उभे राहिले. निकाल काय लागला ते बघायला आले असणार. मी टेबलाखाली, तळव्यावर मोहरी. "सायमन," ते हलक्या आवाजात म्हणाले, "सांगितलंत का?"

"नाही फादर," मी म्हणालो. "आणि मी सांगणारही नाही. तुम्ही आत या. पण जपून, खाली मोहरी आहे."

फादरांनी मुलींकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. मग उंबऱ्यातच थांबून त्यांनी चपला काढल्या.