बस्त्याव टेलरचा उपास

रविवारी सकाळी बस्त्याव टेलरला चहा पाजून दाखवावा, अशी खर्डीच्या रिक्षावाल्यांची जुनी पैज होती आणि ती कोणी जिंकली नाही. एरवी हा माणूस काज केलं की चहा, बटण लावलं की चहा. रविवारी मात्र कप पुढे केला की हात मागे. "मिस्सा हाय. कम्युनियनच्या आदी पोटात काय जाता नये."

मिस्सा म्हणजे ख्रिस्ती लोकांची रविवारची उपासना, आणि तिच्यात येशूचं शरीर मानून जो भाकरीचा प्रसाद घेतात ते कम्युनियन. त्याआधी उपाशी राहायचा नियम खरं तर तासाभराचाच. बस्त्याव पहाटेपासून पाळायचा. "कापडात थोडी माया सोडलेली बरी," म्हणायचा.

मूळचा तो वसईकडचा. तरुणपणी खर्डीला दुकान टाकलं आणि इथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलीशी, पार्वतीशी, रजिस्टर लग्न केलं. मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो तो नव्वदच्या दशकात. गावात चर्च नव्हतं. आसनगावला एका शाळेच्या वर्गात बाहेरचे फादर येऊन रविवारची मिस्सा करत, तिथे हा जायचा. आजारी असाल, गाडी नसेल, तर मिस्सा चुकल्याचं पाप लागत नाही, असं फादर त्याला सांगून थकले. "सवलत त्यांनी दिली," बस्त्याव म्हणे, "पन मी घेतलीच पायजे असा नियम हाय का?"

एका रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक होता, लोकल बंद. माझी स्कूटर जुंपली गेली. मीही वर्गात मागे बसलो. पोरांच्या बाकात बस्त्यावचे गुडघे छातीला लागले होते. कम्युनियनची वेळ झाली, सगळे उठून रांगेत गेले. बस्त्यावने पाय आखडून त्यांना वाट करून दिली आणि फळ्यावरचे पाढे वाचत बसून राहिला.

"उठा की," मी कुजबुजलो.

"गप बसा."

परतताना टपरीवर लागोपाठ दोन चहा झाल्यावर तो बोलला. "आमचं लगीन देवळात, म्हंजे चर्चात, नाय लागलं. तसं असलं की कम्युनियन नाय मिलत."

"मग लावून घ्या."

"फादर पन तेच सांगतात. पार्वतीला बाप्तिस्मा घ्यायची गरज नाय, बिशपची परवानगी काढू, दोगं येऊन हुभी राहा." त्याने कप खाली ठेवला. "पन तिला काय सांगू? इतकी वर्सं आपला संसार नुसता कच्चा टाका होता म्हनून? माझ्यापायी माहेर तुटलं तिचं. रडंल ती."

"तुम्हाला घ्यावंसं वाटत नाही?"

"दर रविवारी वाटतं."

"मग उपास तरी कशाला करता?"

"घरात चा प्यालो तर ती इचारील ना, आज कम्युनियन नाय का म्हनून."

त्याच्या या खुळेपणाचा मला राग आला, आणि त्याच्यावर जीवही जडला.

घरी पार्वतीवहिनींनी मला जेवायलाच बसवलं. माझ्या ताटात सुकटीचं झणझणीत कालवण, बस्त्यावच्या ताटात दूधभात. मी बघत राहिलो.

"त्यांना रविवारी तिखट नाय देत मी," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "देव पोटात घेऊन येतात ना, भावजी. त्याच्यावर सुकट कशी घालायची?"

बस्त्यावने माझ्या ताटाकडे एकदा आशेने पाहिलं. मग मान खाली घालून सगळा दूधभात संपवला.

"आजून वाढ गो थोडा," तो म्हणाला.