अण्णांच्या भिंतीची आणि धाकट्या टायरांची बखर

श्री. चाक फिरविणारा एक आहे आणि त्यावर बसून जाणारे आपण सर्व आहोत, त्यास नमस्कार करून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी जे वर्तमान घडले ते लिहितो. लिहिणारास अलंकार येत नाहीत. जसे झाले तसे मांडिले आहे.

कार्तिक मासी एके दिवशी दोनप्रहरी तालुक्याच्या दवाखान्यात राणीसाहेब अंजिराबाई यांनी देह ठेविला. सकाळी डॉक्टर बोलले होते की ताप उतरला, आणि दुपारी छाती थांबली. मग चिरंजीव आणि सूनबाई रेवती हे राणीसाहेबांस ॲम्ब्युलन्समधून घेऊन पुढे निघाले, आणि राजे आपल्या ट्रकातून मागून एकटे निघाले, कारण ट्रक तेथे टाकून येता येत नव्हता. हे राज्य म्हणजे लग्नाकार्यास भांडी आणि मंडप भाड्याने देण्याचे. दौलत म्हणाल तर काहिली, पातेली, झारे आणि खुर्च्या, आणि फौज म्हणाल तर तो एक जुना ट्रक. राजे ट्रक हाकीत आणि राणीसाहेब डावीकडील जागेवर वाकळेची घडी घालून बसत आणि तेथून राज्य चालवीत. त्या दिवशी ती जागा रिकामी होती. गावाच्या तोंडाशी अण्णांची भिंत आहे, तेथे ट्रक आला आणि पुढला डावा टायर तोफेसारखा आवाज करून फुटला. अण्णा म्हणजे बाळगोंडा, वीटभट्टीचे धनी, शेजारील राज्याचे अधिपती आणि राणीसाहेबांचे जुने वैरी. ते आवाज ऐकून काठी घेऊन फाटकातून बाहेर धावले आणि ओरडले, "आता तोफा बी आणलासा व्हय, वैनी? आवो, अजून झाडाला फळ धरलं न्हाई, तवर लढाई?" मग त्यांनी डावी खिडकी पाहिली आणि काठी खाली केली.

"वैनी कुठं हायत, बापू?"

"फुडं नेलंय तिला."

"कशातनं?"

"ॲम्ब्युलन्समधनं."

"म्हंजे घरी सोडलं. बरं झालं म्हणा की."

"न्हाई, अण्णा."

एवढ्याने शत्रूस वर्तमान कळले. मग अण्णांनी काठी भिंतीस टेकविली आणि राजांस कट्ट्यावर बसविले, आणि स्वतः धोतराचा सोगा खोचून जॅक लाविला आणि फुटका टायर उतरवून स्टेपनी चढविली. राजांस त्या वेळी पाना कोणता तेही सांगता आले नाही.

आता या वैराचे मूळ सांगतो. अण्णांच्या आवारात भिंतीलगत रामफळाचे झाड आहे. राणीसाहेब नव्या नवरी असता ट्रक तेथून चालला होता, आणि राणीसाहेबांनी खिडकीतून भिंतीपलीकडे हात घातला आणि एक पिकले रामफळ तोडिले, आणि अण्णांनी ते पाहिले. मग अण्णांनी भिंतीवर विटांचा एक थर चढविला. भट्टी घरची, विटेस तोटा नाही. पुढल्या खेपेस हात अडला. तेव्हा राणीसाहेब राजांस म्हणाल्या, "टायर थोरलं घाला." राजे म्हणाले, "अगं, रामफळ बाजारात मिळतंय की." राणीसाहेब म्हणाल्या, "बाजारातलं इकत घ्यावं लागतंय. त्याला काय चव?" मग राजांनी टायर थोरले घातले. थर चार बोटांचा म्हणून टायरही चार बोटे उंच आणिले, आणि तरी हात दोन बोटे कमी पडला, कारण टायर वाढतो तो निम्मा आसाच्या खाली वाढतो आणि निम्मा आसाच्या वर, आणि वरच्या निम्म्याने ट्रक काही उचलत नाही. हे शास्त्र राजांस हार खाऊन कळले. मग त्यांनी दुपटीने उंच आणिले आणि राणीसाहेबांनी रामफळ तोडिले, आणि अण्णांनी आणिक थर चढविला. असे थरावर थर आणि टायरावर टायर होत गेले. टायर मडगार्डास घासू लागले तेव्हा मडगार्ड कापिले. चढास ट्रक दम खाऊ लागला आणि डिझेल उन्हाळी म्हशीने पाणी प्यावे तसे पिऊ लागला, आणि चिखलात जायचे दातेरी टायर घालून डांबरी रस्त्याने वरातीची पातेली नेणारे राज्य पंचक्रोशीत दुसरे नव्हते. वैराचा रिवाज मात्र नेटका होता. टायर बदलले की अण्णांस निरोप जाई आणि थर चढला की राजांस निरोप येई. रामफळ तेवढे न कळविता नेत.

अण्णांनी चढविली ती स्टेपनी युद्धापूर्वीची होती, म्हणजे धाकट्या मापाची. म्हणून त्या दिवसापासून ट्रक पुढून डावीकडे झुकून चालू लागला. राजे हाकीत बसले असता वाटे की डावीकडे कोणी बसले आहे आणि तिच्या भाराने ट्रक कलला आहे. म्हणून राजांनी पौष संपला तरी टायर बदलिले नाहीत. कोणी पुसले तर म्हणत, बघू.

मग माघात लग्नसराई आली आणि एक आपत्ती घडली. आचाऱ्याची बासुंदी पातेल्यात भरून नेत असता वळणावर ट्रक आधीच झुकलेला तो आणखी झुकला, आणि झाकण सरकले, आणि कार्यालयाच्या दारी फळका उघडताच निम्मी बासुंदी नवरदेवाच्या मामांच्या नव्या बुटात गेली. मामा ओरडले आणि वाजंत्र्यांनी इशारत समजून सनई सुरू केली. हे वर्तमान घरी येताच रेवतीबाईंनी दरबार भरविला. दरबारात त्या, राजे आणि टायरखात्याचे सरदार दस्तगीर इतकेच होते. दस्तगीर यांनी ट्रकाभोवती एक फेरी घातली आणि चारी चाकांस हात लाविला.

"मालक, ही टायरं न्हाईत, ह्या टकल्या हायत. एक बारकं, बाकी थोरली. ह्याला ट्रक म्हणत न्हाईत, लंगडी म्हणत्यात."

राजे म्हणाले, "मग थोरलीच नवी घाला."

"कशाला? शेतात जातासा का नदीत उतरतासा? डांबरावर पळायचं तर सरळ रेघांचं साधं टायर घ्या. बारकं घ्या, स्वस्त घ्या. आतली लोखंडी डिस्क तीच ऱ्हाऊ दे, तिला काय झालंय? हिच्यावर चार बोटं कमी उंचीचं झकास बसतंय. फकस्त लई अरुंद नगं, न्हाईतर वळणावर कड सोडंल. आणि भांड्यांचं वजन झेपंल असंच घालतो. जबाबदारी माझी."

मग राजांनी अट घातली की चार बोटे म्हणजे ट्रक दोन बोटे खाली येणार, आणि दोन बोटे खाली आला तर भिंतीवरून हात जाणार नाही. ती भिंत राज्याची सीमा आहे. सीमा सोडणे होणार नाही. मग रेवतीबाई सासऱ्यांस हळू बोलल्या, "मामा, हात कुणाचा?"

 राजे ट्रकाच्या पाठीमागे गेले आणि फळक्याची कडी जागेवरच होती ती पुन्हा घालून आले. मग म्हणाले, "आणि काय काय बदलंल?"

दस्तगीर म्हणाले, "पिकअप वाढंल, डिझेल कमी लागंल. मीटर मातुर खोटं बोलंल. चाक बारकं म्हंजे फेरं जास्ती, तवा हायत्यापेक्षा जास्ती किलोमीटर दाखवंल."

"म्हंजे तालुका लांब जाणार?"

"तालुका तिथंच हाय, मालक. मीटरात लांब."

हे ऐकून राजांनी विचार केला की एक ढेकूळ न जिंकता राज्य चहू दिशांनी वाढत आहे, असा लाभ कोणत्याही राजास झाला नाही. तरी त्यांस तो आवडला नाही. दवाखाना मुळात लांबच होता. शेवटी त्यांनी हुकूम दिला की धाकटे टायर घालावे आणि रिवाजाप्रमाणे अण्णांस निरोप जावा.

निरोप घेऊन रेवतीबाई गेल्या. अण्णा बाजेवर बसून शेंगा फोडीत होते. रेवतीबाई म्हणाल्या, "अण्णा, आमी टायर बदलतोय. चार बोटं बारकं." अण्णांनी हातातली शेंग टाकिली आणि म्हणाले, "बारकं? बापू शरण आलं व्हय? मला इचारलं का?" रेवतीबाई म्हणाल्या, "त्यात काय इचारायचं? जिंकलासा तुमी." तेव्हा अण्णा भडकले आणि म्हणाले, "असलं जिंकणं कुणाला पायजे? एवढी वर्सं मी भिंत चढवली ती कुणासाठी? ढोरं येत न्हाईत, चोर येत न्हाईत. एक बाई यायची." असे बोलून ते भट्टीकडे निघून गेले आणि रेवतीबाईंस पाणी विचारण्याचे राहिले.

इकडे दस्तगीर यांनी टायर चढविले. ट्रक सरळ उभा राहिला. कापलेल्या मडगार्डात ते टायर म्हणजे थोरल्या भावाच्या सदऱ्यात धाकटा उभा केल्यासारखे दिसत होते, आणि रयत पाहून हसली, आणि राजेही थोडे हसले. मग ट्रक चालवून पाहिला तर हलका चालला. डावीकडे कोणी बसल्यासारखे वाटेना. राजांनी वाटेत दोन वेळा डावीकडे पाहिले आणि मग पाहिले नाही.

फाल्गुनात रामफळे तांबूस झाली. एके सकाळी राजे मंडपाचे बांबू घेऊन भिंतीपाशी आले तो भिंत निराळी दिसली. अण्णांनी वरचा एक थर उतरविला होता. ट्रक दोन बोटे खाली आला होता आणि भिंत चार बोटे, कारण निम्म्याचे शास्त्र अण्णांस ठाऊक नव्हते. इतके करून त्यांचे समाधान झाले नाही. उतरविलेल्या विटांतील एक वीट त्यांनी सुतळीने रामफळाच्या फांदीस बांधिली होती, आणि त्या भाराने फांदी वाकून भिंतीवरून रस्त्यावर आली होती, आणि तिच्या टोकास एक पिकले रामफळ नेमके ट्रकाच्या डाव्या खिडकीपाशी लोंबत होते. राजांनी ट्रक थांबविला. भिंतीच्या आत अण्णा पाठमोरे उभे होते आणि काही दिसत नाही असे दाखवीत होते. राजांनी हाक मारिली.

"अण्णा, हे काय?"

"काय ते काय? मी कुठं काय बगतोय? माझं ध्यान न्हाई. चोरा की लवकर."

"तुमीच तोडून द्या."

"मी तोडलं तर ते नुस्तं फळ झालं. वैनींनी कवा मागून घेतलं व्हतं?"

राजांनी बसल्या जागेवरून हात लांब केला. ट्रक रुंद आहे. उजवीकडून डाव्या खिडकीपर्यंत हात जात नाही. खाली उतरून घ्यावे तर फांदी उंच. अण्णा न वळता म्हणाले, "डावीकडं सरका की, बापू." राजांनी त्या जागेकडे पाहिले. वाकळेची घडी तशीच होती आणि मधे बसल्याचा खळगा होता.

मागून एस.टी.ने हॉर्न दिला. राजांनी गिअर टाकिला. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वीट काय पळून जात न्हाई."

येणेप्रमाणे राज्याचे वर्तमान. धाकटे टायर चांगले चालतात आणि डिझेल वाचते. बासुंदी पुन्हा सांडली नाही. मीटर जास्त दाखवितो, तो तसाच ठेविला आहे. भिंतीवर थर चढविणे अण्णांनी बंद केले. फांदीस वीट अजून बांधलेली आहे. डावीकडील जागेवर कोणी बसले नाही, आणि रामफळ तोडणे राहिले आहे.