फारूकभाईंचा चौथा सेन्सर

लातुरात पोकलेनची नाडी ओळखणारा माणूस एकच, असं फारूकभाईंचं ठाम मत होतं. आणि ते मत ते दिवसातून चारदा तरी जाहीर करायचे.

"इंजनाचं दुखणं कुणालाबी कळतंय," ते म्हणायचे, "पण सेन्सर म्हंजे नवी नवरी! आत काय खुपतंय ते सांगत न्हाई, नुसता दिवा लाल करून बसती. तिच्या मनातलं काढायला फारूकच लागतो!"

म्हणून शिवमूर्ती सरांच्या जागेवर पोकलेन रुसून बसली, तेव्हा बोलावणं फारूकभाईंनाच आलं.

सरांच्या शिकवणीची चार मजली इमारत तिथं उभी राहणार होती. भूकंपानंतर लातूरचा माणूस घर बघायला गेला, की भिंतीचा रंग विचारत नाही, पाया विचारतो. त्यात सर फिजिक्सचे! त्यांनी पाया इतका खोल सांगितला, की समोरच्या दुकानातून उमाबाई ओरडल्या, "सर, शाळा वर बांधायलाव का खाली?"

पण सरांना हसायला सवड नव्हती. शेजारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये सोमवारी नवी बॅच सुरू व्हायची होती. तीनशे पोरं! पोकलेनच्या घरघरीत त्यांना गुरुत्वाकर्षण ऐकू कसं येणार?

"फारूकभाई, खड्डा रविवारपर्यंत पुरा पाहिजे," सर म्हणाले. "तुमची सुमय्या दहावी झाली ना? बॅच फुल्ल आहे. किनवटपासून आईबाप येऊन पायऱ्यांवर बसलेत. पण मशीन वेळेत चाललं, तर एक खुर्ची मी तिच्यासाठी जास्तीची टाकतो. शब्द!"

सुमय्या दोनदा अर्ज घेऊन गेली होती आणि दोनदा तो तसाच घेऊन परत आली होती. न मिळालेल्या बॅचच्या पुस्तकांना पोरगी रोज नवी कव्हरं घालत बसायची.

"रविवार कशाला सर? आज दुपारीच चालू!"

तो गुरुवार होता.

पोकलेनचा ऑपरेटर सिद्धलिंग, उदगीरचा. मशीनला तो लेकरासारखं पुसायचा. "भाई, माती उचलायला गेलं की दम तोडायलीय," त्यानं सांगितलं. "दिवा लागतो, इंजन बसतं."

फारूकभाईंनी बाजूचा दरवाजा उघडला. पंपावरच्या प्रेशर सेन्सरची जोडणी सोडवली, मीटर लावला. सेन्सर खरंच मेला होता. त्यांनी नवा बसवला, पिना फडक्यानं लख्ख पुसल्या, आणि मशीन असं गरजलं, की पायऱ्यांवरचे आईबाप उठून उभे राहिले!

सिद्धलिंगनं उमाबाईंकडून नारळ आणला आणि रीतीप्रमाणं पुढच्या बकेटवर फोडायला निघाला.

"ओ सिद्धलिंग! तिकडं कुठं?" फारूकभाईंनी हाक मारली. "दुरुस्ती इथं झाली, आन् मान त्या बकेटला व्हय? इथं फोड, या दरवाजाच्या वर!"

सिद्धलिंगला ते पटलं. खाड्! पाणी दरवाजावरून ओघळलं. सगळ्यांनी हात जोडले. फारूकभाईंनीही मान झुकवली, पण ती स्वतःच्या कौतुकाच्या भारानं!

पाऊण तासानं दिवा लागला.

"खोक्यातूनच खराब आला असंल," फारूकभाई म्हणाले. शुक्रवारी दुसरा सेन्सर आला. बसवला, पिना पुसल्या, मशीन गरजलं, नारळ फुटला. अर्ध्या तासात दिवा!

सर खड्ड्याच्या काठावर आले. "पर्याय अ, सेन्सर खराब. पर्याय ब, वायर खराब. पर्याय क, मेकॅनिक. विचार करून सांगा भाई, चुकीच्या उत्तराला मार्क कापतो मी."

शनिवारी फारूकभाईंनी तिसरा सेन्सर बसवला आणि वायरसुद्धा बदलली. सिद्धलिंगला वाटलं, एका नारळावर भागवलं म्हणून देव रागावलाय. त्यानं पाच फोडले! दहा मिनिटांत मशीन बसलं.

"भाई, उद्या किती वाजता बिघडवताव?" उमाबाईंनी विचारलं. "न्हाई म्हंजे, नारळ मागवून ठिवते."

इथवर ठीक होतं. पण पायऱ्यांवर मुदखेडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी हलक्या आवाजात शंका काढली, "सेन्सर चांगला, वायर चांगली, तरी दिवा लागतोय. म्हंजे खाली जमिनीतच काही हललं असंल का?"

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी फिरली. पोकलेनला भूकंप आधीच कळायलाय म्हणं! लोकांनी बाजा अंगणात काढल्या. टीव्ही दोरीनं खिडकीला बांधले. आणि पायऱ्यांवरचे आईबाप पिशव्या उचलून सरांकडं अर्ज परत मागायला लागले.

घरी त्यांच्या बायकोनं, साबेराबींनी, ताट वाढता वाढता डोकं चालवलं. "अजी, ऐका तर! लोक पळून राहिले म्हंजे सीटा रिकाम्या होऊन राहिल्या. तुम्ही दोन दिवस काहीच करू नका. सुमय्याची खुर्ची चालत घरी येती!"

घास फारूकभाईंच्या हातातच थांबला. गोष्ट खरी होती! नुसतं गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात सुमय्यानं कव्हर घालता घालता विचारलं, "पण अब्बा, ते बंद का पडतं?"

का? तो एवढासा 'का' भाकरीतल्या खड्यासारखा दाताखाली आला. त्यानंतर भाकरीला चवच राहिली नाही.

रविवारी सकाळी फारूकभाई चौथा सेन्सर खिशात घेऊन गेले, पण खोकं उघडलं नाही. गाईच्या धारेला बसावं तसे पंपासमोर बसले. जोडणी हळूच सोडवली. आत टपोरे थेंब!

"पाणी? या उन्हात?" त्यांनी करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. "सिद्धलिंग! हे तर गोड हाय!"

सिद्धलिंगचा चेहरा उतरला. "भाई... हितं एक कुत्रं झोपायला येतं."

फारूकभाई तीनदा थुंकले. "कुत्र्याचं गोड कसं असंल?"

"त्याला शुगर असंल!"

फारूकभाईंनी घाबरून वर पाहिलं. दरवाजाच्या फटीत नारळाची शेंडी अडकली होती. ते शेंडीकडं पाहत राहिले. मग फटीकडं. मग थेंबांकडं. पुसलं की चालतं. चाललं की नारळ. नारळ फुटला की पाणी फटीतून आत, पिनांवर. आणि जितके नारळ जास्त, तितकं लवकर बंद!

सिद्धलिंगलाही उमगलं. त्यानं कपाळावर हात मारला. "माझ्याच हातानं, भाई! माझ्या लेकराला मीच पाणी पाजलं!"

मागं सर उभे होते. "कुणी फोडले नारळ?"

सिद्धलिंगची मान खाली गेली. फारूकभाईंना क्षणभर सुमय्याची कव्हरं दिसली. पण त्या माणसाचे डोळे भरलेले बघून त्यांना गप्प राहवेना.

"नारळ त्यानं फोडले, सर," ते म्हणाले, "पण तो बकेटवरच फोडणार होता. जागा मी दावली. माझ्या कामाला मान पाहिजे होता मला. पर्याय क, सर. मेकॅनिक."

सरांनी वाकून जोडणीतले थेंब निरखले. मग त्यांचे डोळे चमकले. "पुन्हा करून बघितल्याशिवाय निष्कर्ष नाही! बोलवा सगळ्यांना!"

पिना सुकवल्या. मशीन दोन तास अखंड चाललं. मग सगळ्या गल्लीसमोर सरांनी स्वतःच्या हातानं जोडणीत चमचाभर नारळपाणी सोडलं, आणि दिवा लागला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुदखेडचे गृहस्थ अर्ज परत द्यायला सगळ्यांत आधी रांगेत लागले. जोडणीला नवं रबर बसलं, आणि दिवस मावळायच्या आत खड्डा पुरा झाला. सरांनीही शब्द पाळला.

सोमवारी सुमय्या पहिल्या तासाहून घरी आली. फारूकभाई दारातच उभे होते.

"अब्बा, आज सरांनी तुमचीच गोष्ट सांगितली. सगळ्या बॅचला!"

फारूकभाई फुलून आले. "काय म्हणले?"

"दोष कसा शोधायचा नाही, त्याचं उदाहरण म्हणून. तीन सेन्सर, सात नारळ, सगळं. आणि तुम्ही काय चाटलं, तेबी."

फारूकभाईंनी घसा साफ केला. "नाव... नाव तर न्हाई ना घेतलं?"

"नाही अब्बा. नाव नाही घेतलं." सुमय्यानं दप्तर खाली ठेवलं. "मला उभं केलं."