छप्पर निधीची निळी छत्री

"येत्या रविवारी फादरची बोलती बंद नाही केली, तर कात्री कायमची खाली ठेवीन!" शिंप्याने गळ्यातली टेप झटकत जाहीर केलं.

बायको बटणं लावत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "मागेही हेच म्हणाला होतात. आलात ते देणगीची पावती घेऊन!"

खरंच होतं ते. चर्चचं छप्पर गळत होतं, म्हणून दर रविवारी छप्पर निधीची ताटली फिरायची. खालून पैसे जायचे, वरून पाणी यायचं! निधीतून आधी संगमरवरी पाटी झाली, तिच्यावर दात्यांची नावं सोनेरी अक्षरांत. मग फादरच्या ऑफिसात एसी बसला, कारण छपराचा विचार थंड डोक्यानेच करायला हवा ना! मग निधीची समिती छपरांचा अभ्यास करायला समुद्रकाठी जाऊन आली. तिथली छपरं फार छान होती म्हणे.

शिंप्याने हेही गिळलं असतं. पण पुढच्या महिन्यात त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. तिचा पांढरा रेशमी गाऊन त्याने स्वतः शिवला होता, लेससुद्धा हाताने लावली होती. आणि नवरी जिथे उभी राहते, नेमकं तिथेच छपरातून गंजाचं तांबडं पाणी टपकायचं!

बेत साधा होता. रविवारच्या मिस्सेत, भर प्रार्थनेत छत्री उघडून बसायचं. फादरने शरमेने मान खाली घातलीच पाहिजे!

रविवारी पाऊस धो धो कोसळत होता. फादरने दानशूरपणावर प्रवचन सुरू केलं आणि शिंप्याने फट्‌दिशी छत्री उघडली. सगळ्या माना वळल्या! मग मागून एक आजीबाई म्हणाल्या, "अहो, जरा माझ्याही डोक्यावर धरा की!" शेजारचे मास्तर आत सरकले. कुणी दाराशी ठेवलेली छत्री घेऊन आलं. बघता बघता अर्धं चर्च छत्र्यांखाली!

"बघ, फादर शरमेने पाणी पाणी झालाय!" शिंप्याने बायकोला कोपराने ढोसलं.

फादरचे डोळे खरंच भरून आले होते. "इतकी वर्षं," ते गहिवरून म्हणाले, "इतकी वर्षं मला हे सुचलं कसं नाही?"

पुढच्या रविवारी दाराशी टेबल! त्यावर निळ्याभोर छत्र्यांची चळत आणि मागे निधीचा खजिनदार. प्रत्येक छत्रीवर चर्चचं चित्र होतं. चित्रातलं छप्पर मात्र धडधाकट होतं. माल खजिनदाराच्या मेहुण्याचा, पैसे छप्पर निधीचे.

"म्हणजे आमच्याच पैशांच्या छत्र्या आम्हीच विकत घ्यायच्या?" शिंपी खवळला.

"छे छे, विकत कुठे? देणगी म्हणा. पावती देतो ना!"

"आणि छप्पर?"

"आता त्याची घाई काय? कल्पना तर तुमचीच!"

शिंप्याने दातओठ खाल्ले. बायकोने एक छत्री घेतली.

लग्नाच्या दिवशी पावसाने कहर केला. पांढऱ्या गाऊनमध्ये लेक वेदीसमोर उभी राहिली आणि शिंप्याचा ऊर भरून आला. फादरने प्रेमाने स्वतः तिच्यावर निळी छत्री धरली. वरून टपटप सुरू झालं. चला, निदान गाऊन तरी वाचला!

इतक्यात लेकीच्या खांद्यावर एक निळा ठिपका उमटला. मग बाहीवर. मग लेसवरून निळे ओघळच सुटले. छत्रीचा रंग जात होता!

"बाबा!" लेक किंचाळली.

"फादर, छत्री मिटा! आधी ती मिटा!" शिंपी ओरडत धावला.

फादरने गडबडून छत्री मिटली. तिच्यावरचं सगळं निळं पाणी गाऊनवर ओतलं गेलं आणि त्यावर छपरातून गंजाची तांबडी धार लागली. लेक हमसाहमशी रडू लागली. नवरदेव आपला रुमाल पुढे करत होता. रुमाल केवढा, गाऊन केवढा!

शिंपी रागाने फादरकडे वळला. एवढ्यात फादरचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"धीर धरा. आपण आत्ताच धुलाई निधी सुरू करू!"

खजिनदार ताटली घेऊन हजर! तीच ताटली त्याच्या टाळक्यात हाणावी, असं शिंप्याला वाटलं. बोलायला त्याने तोंडही उघडलं. पण सगळं चर्च त्याच्याकडे बघत होतं, बायको तर डोळे वटारून बघत होती.

आणि सवयीने त्याचा हात खिशात गेला.